मोंढ्यात सॉफ्टवेअर दाखवायला जाताना : नवख्यांसाठी मार्गदर्शन

मोंढ्यातील, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारातील आडत दुकान (शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या मध्यस्थाचे दुकान), तालुक्याची पतसंस्था, गावातील दूध संकलन केंद्र किंवा महिला बचत गटांचा संघ, यांपैकी कोठेही नवे सॉफ्टवेअर दाखवायला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे. प्रोग्राम तुम्हाला तोंडपाठ असतो आणि समोरच्या माणसाला त्याचा व्यवहार तोंडपाठ असतो, परंतु दोघांची भेट ज्या पडद्यावर व्हायची तेथे बहुतेक वेळा फक्त तुमचीच भाषा लिहिलेली असते. मराठवाड्यातील दुकानांत आणि संस्थांमध्ये मी अशी अनेक प्रात्यक्षिके केली आहेत. त्यांतून माझे एक मत पक्के झाले आहे. प्रात्यक्षिक समोरच्याच्या वहीतील एका नोंदीपासून सुरू करावे आणि ती नोंद पूर्ण होईपर्यंत तिचा हात सोडू नये. पुढील सर्व सूचना याच एका गोष्टीसाठी आहेत.

आधी एक दिवस नुसते बसून या

प्रात्यक्षिकाच्या चार-पाच दिवस आधी त्या ठिकाणी एकदा जा आणि लॅपटॉप पिशवीतच राहू द्या. मुनीमजी जेथे बसतात त्याच्या बाजूला, त्यांची परवानगी घेऊन, दोन-तीन तास बसा. कोणता कागद आधी येतो, तो कोण लिहितो, सही कोणाची होते, दुसरी प्रत कोठे जाते आणि काम नेमके कोठे खोळंबते, एवढेच पाहायचे असते. आडत दुकानात माल उतरतो, लिलाव होतो, काटा होतो, माल तोलणारा मापाडी वजनाची काटापट्टी देतो, तिच्यावरून मुनीमजी हिशोबपट्टी तयार करतात, हमाली आणि तोलाई वजा होते, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती रक्कम पडते. हा क्रम कागदावर लिहून आणा. जमल्यास कोऱ्या हिशोबपट्टीची एक प्रत मागून घ्या, कारण पुढची सगळी तयारी तिच्यावर उभी राहणार आहे.

या भेटीत निर्णय कोण घेतो आणि वापर कोण करणार आहे, हेही कळते. मालक किंवा अध्यक्ष होकार देतात, पण रोज संध्याकाळी त्या पडद्यासमोर मुनीमजी किंवा पतसंस्थेतील लेखनिक बसणार असतात. मालकाला आवडलेले आणि मुनीमजींना न पटलेले सॉफ्टवेअर दोन महिन्यांत धूळ खाऊ लागते, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. म्हणून प्रात्यक्षिकाची वेळ ठरवताना वापर करणारी व्यक्ती हजर राहील याची खात्री आधी करा, आणि ती रजेवर असेल तर दिवस पुढे ढकला.

दिवस निवडतानाही इथले वेळापत्रक माहीत असावे लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची आवक असते आणि त्यानंतर तूर व हरभरा येतो. त्या काळात मोंढ्यात कोणालाही बसायला सवड नसते. पतसंस्थेत मार्चअखेरीस वर्षाचा ताळेबंद जुळवण्याची धावपळ असते. पेरण्या उरकेपर्यंतचा जून-जुलैचा काळ आडत दुकानांसाठी मला सर्वांत सोयीचा वाटतो. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ मोकळी सोडा, आणि पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांनी 17 सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे हे लक्षात ठेवा; त्या सकाळी संस्थांचे पदाधिकारी ध्वजारोहणाला गेलेले असतात.

एकच नोंद निवडा आणि तिच्यासोबत चाला

नवखा माणूस प्रात्यक्षिकात मेन्यू दाखवतो. आधी सेटिंग, मग याद्या, मग अहवाल, मग रंगीत आलेख, अशी सगळी खोल्यांची फेरी होते. पाहणारे मान हलवतात आणि त्यांना काहीच आठवत नाही. मी एका पतसंस्थेत पहिल्यांदा गेलो तेव्हा ठेवींच्या वाढीच्या आलेखापासून सुरुवात केली होती. पंधरा मिनिटांनी तेथील सर्वांत जुन्या लेखनिकांनी विचारले, “काल संध्याकाळची शिल्लक कुठं दिसते?” ती शिल्लक उघडायला मला चार पडदे बदलावे लागले, आणि तेवढ्या वेळात खोलीतील सर्वांचे लक्ष उडाले. दिवस संपताना रोजमेळ, म्हणजे दिवसभराच्या जमा-खर्चाचा हिशोब, जुळला की नाही, हा त्यांच्या दिवसाचा खरा प्रश्न होता, आणि माझ्या सादरीकरणात त्याला जागाच नव्हती.

आता मी एका शेतकऱ्याच्या सोयाबीनची पट्टी घेतो. वजन 12 क्विंटल 40 किलो, भाव क्विंटलला 4,350 रुपये, म्हणजे मालाची किंमत 53,940 रुपये. हमाली आणि तोलाई मिळून 186 रुपये वजा केले की 53,754 रुपये राहतात. शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी आडत्याकडून 10,000 रुपये उचल घेतली असेल, तर हाती 43,754 रुपये येतात. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. तुम्ही जेथे जाल तेथील भाव आणि तेथील कपातीचे दर घ्या. ही नोंद सुरुवातीपासून छापील पट्टी हातात येईपर्यंत दाखवायला दहा मिनिटे लागतात. या दहा मिनिटांत शेतकऱ्याचे नाव शोधणे, वजन भरणे, कपात, जुने येणे, छपाई आणि खात्यावरची नोंद असे सॉफ्टवेअरचे बहुतेक महत्त्वाचे भाग आपोआप दिसून जातात, कारण ते सगळे त्या एका पट्टीच्या वाटेवर आहेत.

या उदाहरणातील उचल मी मुद्दाम घेतो. ती नसलेली पट्टी सोपी असते आणि सोपे काम वहीतही चटकन होते. जेथे मुनीमजींना मागची वही उघडावी लागते, बोटाने ओळ शोधावी लागते आणि शेतकरी समोर उभा असतो, ती जागा तुमच्या प्रोग्रामची खरी परीक्षा आहे. पहिल्या भेटीत काम जेथे खोळंबताना दिसले होते, तीच अडचण उदाहरणात आणा. दूध संकलन केंद्रात ती बहुधा फॅट आणि एसएनएफ (दुधातील स्निग्धांश सोडून उरणारे घन घटक) यांवरून दर लावण्याची असते. बचत गटात ती थकलेल्या हप्त्यावरील व्याजाची असते.

संगणकाच्या इतिहासात गाजलेले एक प्रात्यक्षिक येथे आठवते. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे 90 मिनिटांत माऊस, दुव्यांनी जोडलेला मजकूर आणि दूरच्या सहकाऱ्यासोबत एकाच पडद्यावर काम करणे, हे सारे लोकांसमोर मांडले. समोर संगणकक्षेत्रातील जाणकार बसलेले असतानाही त्यांनी पडद्यावर उदाहरण म्हणून घेतली ती बाजारातून आणायच्या जिनसांची यादी. यादी लिहिणे, तिचे गट पाडणे, क्रम बदलणे, हे प्रत्येकाने घरी केलेले असते. त्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष यंत्र काय करते याकडे राहते आणि उदाहरण समजून घेण्यात खर्च होत नाही.

नोंद खरी वाटावी, पण ती कोणाचीही खरी नसावी

प्रात्यक्षिकासाठी वेगळी माहिती भरून ठेवा. “टेस्ट 1”, “एबीसी”, “1234” असल्या नोंदी दिसल्या की पाहणाऱ्याला हे खेळणे वाटते. दुसरीकडे, एका संस्थेच्या ठेवीदारांची खरी नावे आणि शिलकी दुसऱ्या संस्थेत दाखवणे हा विश्वासघात आहे, आणि 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदाही झालेला आहे. शिवाय समोरचे अध्यक्ष लगेच मनात म्हणतात की उद्या आमची नावे हा तिसऱ्याला दाखवील. तेव्हा परिसरात शोभतील अशी काल्पनिक नावे तयार करा, आधार क्रमांक पडद्यावर कोठेही पूर्ण दिसू देऊ नका, आणि निदान पन्नास-साठ खाती भरा, म्हणजे नाव शोधण्याची सोय खरोखर उपयोगी दिसेल.

आकडे कसे दिसतात याकडे मी सर्वाधिक लक्ष देतो, कारण ही मंडळी आकडे वाचण्यात आपल्यापेक्षा पुढे असतात. पडद्यावर 12.4 असे दिसले तर काट्यावर आयुष्य घालवलेला माणूस ते 12 क्विंटल 4 किलो असे वाचू शकतो, आणि एका पट्टीत 36 किलोंचा गैरसमज होतो. तेथे 12.40 असे दिसले पाहिजे, किंवा त्याहून चांगले म्हणजे क्विंटल आणि किलो असे दोन रकाने हवेत. रक्कम 1,25,000 अशी लाखाच्या पद्धतीने तोडलेली असावी. परदेशी पद्धतीने 125,000 असे दिसले की वाचणारा क्षणभर थबकतो. तारीख आधी दिवस आणि मग महिना अशीच हवी. जुनी यादी श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल, तर ती युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय भरू नका, अन्यथा ऐन वेळी नावांच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग उमटते.

शब्द त्यांच्या वहीतले

पहिल्या भेटीत ऐकलेले शब्द वहीत टिपून ठेवा आणि प्रात्यक्षिकात तेच वापरा. डेबिट-क्रेडिट म्हणण्याऐवजी नावे आणि जमा म्हणा. बॅलन्सऐवजी शिल्लक, आउटस्टँडिंगऐवजी येणे. पण उलट टोकालाही जाऊ नका. लॉगिन, ओटीपी, प्रिंट, फोटो हे शब्द आता सर्वांचे आहेत, आणि त्यांच्या जागी शासकीय परिपत्रकातील जड संस्कृत शब्द आणले तर समजलेलेही अवघड होते. क्यूआर कोडला दुकानात सर्रास “स्कॅनर” म्हणतात. तेथे दुरुस्ती करण्याची गरज नाही.

सर्व्हर, क्लाउड, डेटाबेस हे शब्द टाळता येतील तेवढे टाळा. “तुमची माहिती या मशीनवर राहते आणि तिची एक प्रत रोज रात्री दुसरीकडे ठेवली जाते” हे वाक्य पुरते, अर्थात तुमच्या प्रोग्राममध्ये खरोखर तसे होत असेल तरच. समजावून सांगताना त्यांच्या हातातील मोबाइलचा आधार घ्या. 2021 पासून ई-पीक पाहणीच्या निमित्ताने अनेक शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतात उभे राहून पिकाचा फोटो मोबाइलवरून नोंदवला आहे, आणि सातबारा ऑनलाइन पाहणे तर सवयीचे झाले आहे. रेंज नसताना व्हॉट्सअॅपचा संदेश घड्याळाच्या खुणेसह थांबून राहतो आणि रेंज आली की जातो, एवढे सांगितले की इंटरनेट नसताना भरलेली नोंद पुढे कशी जाईल हे वेगळे समजवावे लागत नाही.

संबोधनही याच तयारीचा भाग आहे. वयाने मोठ्यांना काका, मामा किंवा मुनीमजी, बचत गटातील बायकांना ताई, पदाधिकाऱ्यांना साहेब किंवा मॅडम; ते एकमेकांना कसे हाक मारतात ते पहिल्या दिवशी ऐकून ठेवा. “हे अगदी सोपे आहे” हे वाक्य मात्र तोंडून निघू देऊ नका. ज्याला ते अवघड वाटत असते, त्याला त्या वाक्याने प्रश्न विचारण्याची लाज वाटू लागते.

जागा आणि लाईन

ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा. लॅपटॉप पूर्ण चार्ज केलेला असावा, कारण लाईन केव्हाही जाऊ शकते, आणि प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर चालेल असे गृहीत धरू नये. जुन्या प्रोजेक्टरला एचडीएमआयची सोय नसते, म्हणून व्हीजीएचा जोडही सोबत ठेवा. बसणारे दहाच्या आत असतील तर प्रोजेक्टरपेक्षा कार्यालयातील टीव्ही किंवा मोठा मॉनिटर बरा. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारच्या उजेडात प्रोजेक्टरवरची अक्षरे दिसतच नाहीत, त्यामुळे बसायची जागा आणि वेळ आधीच ठरवून घ्या.

ब्राउझरमध्ये अक्षरे दीडपट मोठी करा आणि शेवटच्या खुर्चीवर बसून स्वतः वाचून पाहा. मोबाइलवरून दाखवणार असाल तर येणारे संदेश बंद करा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे जवळ ठेवा. इंटरनेटशिवाय चालणारी एक तयार प्रत आणि त्याच नोंदीचे पाच मिनिटांचे चित्रण लॅपटॉपवर असू द्या. पट्टीची छपाई दाखवणार असाल तर प्रिंटर तेथीलच वापरा आणि आल्याबरोबर एक कागद छापून बघा.

प्रत्यक्ष दाखवताना

सुरुवात पडद्याने करू नका. मागून आणलेली कोरी पट्टी हातात धरा आणि म्हणा, “ही आपली पट्टी. सोयाबीनचे बारा क्विंटल चाळीस किलो आले आहेत. ही आज आपण मशीनवर करून बघू.” यानंतर पडदा उघडा. कंपनीची ओळख, तुमचा अनुभव, किती ठिकाणी हे चालते, हे सारे नंतर कोणी विचारले तर सांगावे.

प्रत्येक कृतीच्या आधी काय करणार ते एका वाक्यात सांगा, मग करा, मग झाले ते बोटाने दाखवा आणि दोन क्षण थांबा. सरावामुळे आपला हात इतका वेगाने चालतो की पाहणाऱ्याला मधली पायरी दिसतच नाही. कीबोर्डचे शॉर्टकट या दिवशी वापरू नका. आकडा भरताना मोठ्याने वाचा. एकूण रक्कम येण्याच्या आधी थांबून मुनीमजींना विचारा, “किती यायला पाहिजेत?” ते बहुतेक वेळा तोंडी सांगतात. त्यांचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा एकच आला, की पुढे तुमच्या समजावण्याची फारशी गरज उरत नाही. फरक आला तर कारण शोधा. पैसे पूर्ण रुपयात धरण्याची तेथील रीत वेगळी असेल, किंवा एखादी कपात तुमच्या लक्षात आलेली नसेल, आणि ते त्याच दिवशी कळणे तुमच्या फायद्याचे आहे.

पहिली नोंद तुम्ही करा, दुसरी त्यांना करू द्या. खुर्चीवरून उठा, मुनीमजींना किंवा ताईंना तेथे बसवा आणि तुम्ही मागे उभे राहा. ते चुकीच्या ठिकाणी गेले तरी माऊस त्यांच्या हातातून घेऊ नका. कोठे पाहायचे तेवढे सांगा. एका बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी हप्त्याची नोंद करायला जवळजवळ आठ मिनिटे घेतली आणि सगळ्या जणी शांतपणे पाहत राहिल्या. नोंद झाल्यावर त्यांनी शेजारच्या दोघींना स्वतःच ती पुन्हा करून दाखवली. मी केलेल्या अर्ध्या तासाच्या मांडणीपेक्षा त्या आठ मिनिटांत गटाला अधिक समजले.

ज्या पायरीवर दोन-तीन जण अडखळतात ती पायरी लिहून ठेवा. दोष बहुतेक वेळा पडद्याच्या मांडणीत असतो, आणि प्रोग्राम बनवणाऱ्यांपर्यंत ही माहिती पोहोचवणे तुमचे काम आहे.

प्रश्न येतील, ते येऊ द्या

काही प्रश्न सगळीकडे येतात. लाईन किंवा इंटरनेट गेले तर काय, हा पहिला. याचे उत्तर तोंडी देण्यापेक्षा अर्धी नोंद भरून इंटरनेट बंद करा आणि पुन्हा सुरू करून दाखवा. भरलेला आकडा मागाहून कोणी बदलला तर काय, हा पतसंस्थेतील संचालकांचा प्रश्न असतो आणि तो अतिशय योग्य असतो. वहीतील खाडाखोड डोळ्यांना दिसते, तशी पडद्यावरची दिसत नाही, ही त्यांची भीती आहे. म्हणून एक आकडा बदलून दाखवा आणि जुना आकडा, नवा आकडा, कोणी आणि केव्हा बदलला, ही नोंद उघडून दाखवा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी नोंद राहत नसेल, तर ते दाखवायला जाण्याआधी ती सोय करून घ्या.

एक प्रश्न मोठ्याने विचारला जात नाही. हे आले की माझे काय, असा तो मुनीमजींच्या मनातला प्रश्न असतो. याचे उत्तर मालकाने द्यायचे असते, तुम्ही नाही. म्हणून बैठकीआधी मालकाशी बोलून घ्या आणि त्यांनी स्वतः ते सर्वांसमोर बोलावे अशी विनंती करा. तुम्ही परस्पर आश्वासन देऊ नका.

“असेही होईल का?” या प्रश्नाला नवखा माणूस लगेच “होईल” म्हणतो. या एका शब्दाने पुढचे सहा महिने बिघडतात. आज होते ते आज दाखवा. होत नसेल तर “आज होत नाही, विचारून सोमवारी सांगतो” असे म्हणा, त्यांच्यासमोर वहीत लिहा, आणि सोमवारी उत्तर नकाराचे असले तरी फोन करा. खर्चाबद्दल विचारले तर पहिल्या वर्षाची रक्कम, त्यानंतर दरवर्षीची रक्कम आणि शिकवण्याचा खर्च, तिन्ही एकदम सांगा.

मध्येच अडले तर

20 एप्रिल 1998 रोजी शिकागोमधील एका मोठ्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर, भरल्या सभागृहात विंडोज 98 दाखवली जात असताना स्कॅनर जोडताच संगणक निळ्या पडद्यावर थांबला. तेव्हा असे कोणाकडूनही घडू शकते. तुम्ही काय करता याकडे समोरचे पाहत असतात. काय झाले ते साध्या शब्दांत सांगा, एकदा प्रयत्न करा, आणि दोन मिनिटांत सुरू झाले नाही तर तयार ठेवलेल्या चित्रणाकडे वळा. इंटरनेट कंपनीला किंवा तेथील प्रिंटरला दोष देऊ नका. पट्टी कागदावर तर आहेच. चहा येईपर्यंत तिच्यावरच पेन्सिलीने कोणता रकाना कोठे भरला जातो ते दाखवता येते, आणि मी एकदा पूर्ण प्रात्यक्षिक असेच केले आहे.

निघण्यापूर्वी

छापलेली पट्टी आणि मुनीमजींच्या हातची पट्टी एकमेकांशेजारी ठेवून मालकाकडे द्या. न सुटलेले प्रश्न, त्यांची तारीख आणि तुमचा फोन क्रमांक एका कागदावर मराठीत लिहून ठेवा. आठवड्याने पुन्हा जा आणि त्या वेळी त्यांच्या त्या दिवसाच्या खऱ्या दहा पट्ट्या वहीत आणि मशीनवर दोन्हीकडे करून घ्या. त्या तेथल्याच मशीनवर राहतील आणि तुमच्यासोबत एकही नाव बाहेर जाणार नाही, हे आधी स्पष्ट सांगा. संध्याकाळी दोन्ही बेरजा जुळल्या, तर इतर आडत्यांना दाखवण्याच्या बैठकीत मशीनपुढे मुनीमजींना बसवा आणि तुम्ही बाजूच्या खुर्चीवर बसा.